गॅस गिझरचा धूर घराबाहेर कसा न्यावा: कोकणातल्या घरांसाठी

कोकणातल्या बऱ्याच नव्या घरांत आता अंघोळीचे पाणी गॅस गिझरवर तापते. वीज वेळीअवेळी जाते, आषाढ-श्रावणात सौर हीटरला दिवसचे दिवस ऊन मिळत नाही आणि लाकूडफाटा कोरडा ठेवणे दरवर्षी अवघड होत चालले आहे, तेव्हा लोकांनी गॅस गिझर निवडावा हे साहजिकच आहे. मात्र गिझर घेताना तो किती लिटरचा, किंमत किती, हमी किती वर्षांची, याची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या धुराची होत नाही. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि तो दिसत नाही, त्याला वास येत नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतानाच गुदमरत जातो, आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी असल्याने घरच्यांना ते फार उशिरा कळते.

धूर बाहेर नेण्याचे मार्ग अनेक आहेत आणि ते सगळे कोरड्या हवामानात बऱ्यापैकी चालतात. कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या महिन्यांत होते. पावसाची झड आत येऊ लागली की घरातले कोणीतरी झरोक्याला प्लास्टिक ठोकते, खिडकीच्या पट्ट्यांमध्ये जुने कापड कोंबते किंवा गिझरभोवती ताडपत्री गुंडाळते, आणि उन्हाळ्यात विचारपूर्वक ठेवलेली वाट एका संध्याकाळी बंद होते. त्यामुळे पुढे ज्या सूचना केल्या आहेत, त्या सगळ्यांमागे एकच आग्रह आहे: धुराला जायची आणि हवेला यायची वाट अशी करावी की भर पावसातही ती बुजवण्याची कोणाला गरज वाटू नये.

किती हवा लागते

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नेहमीचा गिझर पूर्ण आचेवर ताशी साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा असते ती सातपेक्षाही कमी घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर अवघ्या पाच मिनिटांत त्या खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरू शकतो. एवढ्यावर माणसाला फारसे काही जाणवत नाही, पण ज्योतीला जाणवते. तिचे जळण अपुरे होऊ लागते, कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो, आणि तीच हवा पुन्हा ज्योतीकडे जात असल्याने पुढची प्रत्येक मिनिट आधीच्या मिनिटापेक्षा वाईट ठरते. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत ४०० भाग असेल, तर तासा-दोन तासांत डोके दुखू लागते. तेच १६०० भागांवर गेले, तर वीस मिनिटांत चक्कर, मळमळ सुरू होते आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. लहान बंद खोलीत प्रमाण याहूनही वर जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. कोकणातल्या दमट हवेत हा ओलावा छताला, भिंतीला आणि धुराड्याच्या आतल्या बाजूला धरतो. बाथरूमच्या छतावरची काळी बुरशी नुसत्या गरम पाण्याच्या वाफेची नसून धूर आतच राहत असल्याची खूण असू शकते.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवला नाही, याचे कारण घरांच्या बांधणीत होते. न्हाणी मागच्या पडवीला किंवा घरापासून सुटी असे, तिथली चूल उघड्यावर पेटे, आणि वरच्या कौलांच्या फटींतून धूर आपोआप निघून जाई. तांब्याच्या बंबालाही मधोमध नळकांडे असते, आणि निखाऱ्यावरची गरम हवा त्यातून सरळ वर चढते. आता स्लॅब आला, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, संडास-बाथरूम झोपण्याच्या खोलीला जोडून आले, दारे रबरी पट्टीने घट्ट बसू लागली, आणि पेटते जळण मात्र त्या बंद जागेत आणून ठेवले गेले.

पहिला आणि सर्वांत चांगला पर्याय: गिझरच बाहेर

बाजारातले बहुतेक लहान गॅस गिझर धुराड्याविना येतात. त्यांचा धूर गिझरच्याच माथ्यावरच्या फटींतून जिथे तो टांगला असेल तिथेच सुटतो. असा गिझर बाथरूमच्या आत बसवू नये. खिडकी उघडी ठेवीन, दार किलकिले ठेवीन, एक्झॉस्ट पंखा लावीन, अशा कोणत्याही अटीवर नाही. तो बाहेरच्या भिंतीवर किंवा खऱ्या अर्थाने उघड्या पडवीत टांगावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. कोकणात घराभोवती सहसा मोकळी जागा असते, मागीलदार असते, त्यामुळे शहरातल्या फ्लॅटवाल्यांना जे जमत नाही ते इथे सहज जमते.

पडवी उघडी आहे की नाही, हे मात्र डोळसपणे पाहावे. अनेक घरांत पाऊस आत येतो म्हणून पडवीला ॲल्युमिनियमच्या काचा बसवलेल्या असतात. अशी पडवी ही पडवी राहत नाही, ती खोली होते, आणि तिथे टांगलेला गिझर हा घरातच टांगलेला गिझर असतो. निदान दोन बाजू पूर्ण मोकळ्या असतील तरच त्या जागेला बाहेरची जागा म्हणावे.

जागा निवडताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर नेमका झरोक्याखाली गिझर टांगणे. पाण्याचा पाइप कमी लागतो म्हणून प्लंबरला ती जागा सोयीची वाटते. पण गरम धूर वर चढतो, आणि दोन-तीन फुटांवर त्याला झरोका उघडा सापडतो. तो थेट अंघोळ करणाऱ्याच्या डोक्याशी आत येतो. गिझर आणि जवळचा कोणताही झरोका, खिडकी किंवा दार यांत किमान चार फुटांचे आडवे अंतर ठेवावे, आणि गिझरच्या सरळ वर काहीही उघडे नसावे. वरच्या मजल्यावरच्या खिडक्याही यात मोजाव्यात. अंतरामुळे नळ लांबला, तर त्याला गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप वापरून वरून फोमची नळी चढवावी. पाणी वाटेत फारसे निवत नाही.

गिझरला पावसापासून आडोसा हवाच, कारण झडीने ज्योत विझते, बॅटरीचे खण गंजतात आणि ठिणगी पडेनाशी होते. पण आडोसा म्हणजे पेटी नव्हे. वरून एक-दीड फूट पुढे आलेले पत्र्याचे किंवा सिमेंटचे छज्जेवजा छप्पर, नैर्ऋत्येकडच्या बाजूला एक उभी आड भिंत किंवा पत्रा, आणि समोर व खाली पूर्ण मोकळे, अशी रचना पुरते. कपाट करायचेच असेल, तर त्याला तळ नसावा, पुढच्या दाराला वर आणि खाली आडव्या पट्ट्यांची मोठी झडप असावी, आणि माथा गिझरच्या धुराच्या तोंडापासून निदान एक फूट वर असावा. प्लास्टिकची ताडपत्री गिझरच्या अंगाला कधीही लावू नये. ती वितळते, आणि वितळण्याआधी धूर कोंडते.

सिलिंडर नेहमी उभा, जमिनीच्या पातळीवर किंवा त्याहून उंच ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झालीच तर तो खोलगट जागेत साचून राहतो. म्हणून उतारावरच्या घरांत जोत्याखालच्या बंद पोकळीत किंवा मोरीच्या खड्ड्यालगत सिलिंडर ठेवणे धोक्याचे आहे. जिथे पाइपने नैसर्गिक वायू आला आहे, तिथे एलपीजीसाठी घेतलेला गिझर तसाच जोडू नये. दोन्ही वायूंना लागणारे छिद्र आणि दाब वेगळे असतात, आणि चुकीच्या जोडणीने ज्योत सुरुवातीपासूनच वाईट जळते.

दुसरा पर्याय: धुराडे

गिझर आत किंवा बंद पडवीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर धुराडे जोडण्याची सोय असलेलाच गिझर घ्यावा. साध्या गिझरच्या डोक्यावर पत्र्याची टोपी करून तिला पाइप जोडणे हे गावोगावी केले जाते, पण त्याने जळणाची हवा बिघडते आणि धूर कडेने सांडतो. गिझरवर आयएसआय खूण आणि आयएस १५५५८ हा क्रमांक आहे का, ते पाहून घ्यावे, आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेत धुराड्याची आकृती दिलेली आहे का, हेही दुकानातच पाहावे.

नैसर्गिक ओढीच्या धुराड्यात पंखा नसतो. आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि हलका असतो म्हणून तो वर चढतो, आणि ही ओढ धुराडे जितके उभे व उंच तितकी जास्त असते. म्हणून गिझरच्या माथ्यापासून पहिल्या वळणापर्यंत निदान दोन फूट सरळ उभा पाइप असावा. त्यानंतरचा आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवावा आणि तोही बाहेरच्या दिशेने चढता, म्हणजे दर मीटरला निदान २ सेंटिमीटर चढ, असा असावा. काटकोनातली वळणे दोनपेक्षा जास्त नसावीत; जमेल तिथे ४५ अंशांची वळणे घ्यावीत. पाइपचा व्यास गिझरच्या धुराच्या तोंडापेक्षा कुठेही लहान होता कामा नये. दुकानात हवा तो व्यास मिळाला नाही म्हणून रिड्यूसर लावून बारीक पाइप पुढे नेणे, हे अर्धे धुराडे बुजवण्यासारखेच आहे.

भिंतीतून बाहेर पडल्यावर तिथेच तोंड उघडे सोडणे ही अर्धवट सोय आहे. समोरून वारा आला की भिंतीवर दाब तयार होतो आणि धूर उलटा आत ढकलला जातो. कौलारू घरात याहून वाईट घडते. वळचणीखाली सोडलेला धूर पागोळ्यांच्या मागे अडतो, वासे आणि भिंतीमधल्या फटींतून माळ्यावर शिरतो आणि तिथून निजायच्या खोलीत उतरतो. धुराडे वळचणीच्या बाहेरून वर न्यावे किंवा छपरातून आरपार काढावे, आणि त्याचे तोंड छपराच्या वर निदान दोन फूट यावे. जवळच आढे उंच असेल किंवा शेजारी दुमजली भिंत असेल, तर दोन फूटही अपुरे पडतात; धुराडे त्याहून उंच न्यावे लागते, कारण अशा उंच अडथळ्यावरून वारा खाली कोसळतो.

कौलांतून पाइप काढताना दोन कामे नीट झाली पाहिजेत. पहिले म्हणजे लाकूड दूर ठेवणे: एकेरी पत्र्याचा धुराचा पाइप वासे, रिपा आणि लाकडी छतापासून किमान सहा इंच लांब असावा, आणि त्यासाठी एखादी रीप कापावी लागली तर सुताराकडून तिला आडवा आधार देऊन घ्यावा. दुसरे म्हणजे पाणी: पाइपभोवती पत्र्याची जी पाटी बसते, तिची वरची कड वरच्या ओळीतल्या कौलांच्या खाली जावी आणि खालची कड खालच्या ओळीच्या कौलांवर यावी. हा क्रम उलटला तर कितीही सिलिकोन लावले तरी पहिल्याच पावसात गळती सुरू होते, मग कोणीतरी पाइपच काढून टाकतो आणि गिझर मात्र चालू राहतो.

जांभ्याच्या भिंतीला भोक पाडणे सोपे असले, तरी चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. आडवा पाइप बाहेर चढता असल्यामुळे पावसाचे पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत भिंतीत येते. भिंतीच्या बाहेर दोन इंचांवर पाइपभोवती पत्र्याची एक गोल कड बसवली, तर पाणी तिथेच ठिबकून जाते. भोकात आधी थोड्या मोठ्या व्यासाची धातूची बाही घालून मग त्यातून पाइप न्यावा, म्हणजे पुढे बदलताना चिरा फोडावा लागत नाही.

पाइप कोणत्या धातूचा, याबाबत किनाऱ्यावर काटकसर करू नये. खारी हवा बाहेरून आणि धुरातला आम्लयुक्त ओलावा आतून, असा दोन्हीकडून मारा होतो. घडीचा ॲल्युमिनियमचा पाइप स्वस्त आणि वाकवायला सोपा असतो, पण त्याला बारीक छिद्रे पडतात आणि ती बाथरूमच्या छताआड असली तर कळतही नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा काही पावसाळ्यांनी सांध्यांपाशी खातो. ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील बरे, आणि समुद्र जवळ असेल तर ३१६ जातीचे अधिक चांगले, कारण त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त टिकते. स्क्रू आणि पट्ट्याही त्याच धातूच्या असाव्यात.

पंख्याचे आणि बंद कोठीचे गिझर

काही गिझरमध्ये धूर ढकलणारा पंखा असतो. त्याला उंच धुराडे लागत नाही. भिंतीतून आडवा पाइप काढला तरी चालतो, आणि त्याचा उतार उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे सहसा किंचित बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पावसाचे आणि वाफेचे पाणी गिझरमध्ये परतत नाही. मात्र असा गिझर ज्वलनाची हवा खोलीतूनच घेत असेल, तर खोलीला हवेची कायमची वाट लागतेच. आणि वीज गेल्यावर गॅस आपोआप बंद होतो का, हे बसवणाऱ्यासमोरच मेन स्विच बंद करून पाहावे. आपल्याकडे ही कसोटी फार महत्त्वाची आहे. बॅटरीवर पेटणारा साधा गिझर आणि त्याचा धूर ओढायला विजेचा एक्झॉस्ट पंखा, ही जोडी तर कधीच करू नये. वादळी पावसात वीज जाते, पंखा थांबतो आणि गिझर चालूच राहतो.

बंद कोठीचा गिझर सर्वांत सुरक्षित, आणि महागही. त्यात एकात एक बसवलेले दोन पाइप असतात. बाहेरच्या पाइपमधून बाहेरची हवा थेट ज्योतीकडे येते आणि आतल्या पाइपमधून धूर बाहेर जातो. खोलीतल्या हवेशी ज्योतीचा संबंधच येत नाही. थंड देशांत गॅसवर चालणाऱ्या शेकोट्या आणि खोली तापवणारे हीटर याच पद्धतीने बसवतात. पर्यटकांसाठी जोडून बाथरूम असलेल्या खोल्या बांधणाऱ्यांनी गॅसच वापरायचा असेल, तर हा खर्च करावा, किंवा सगळ्या खोल्यांसाठी एकच मोठा गिझर बाहेरच्या शेडमध्ये ठेवून पाणी नळाने फिरवावे. पाहुण्याला गिझरच्या सूचना वाचून वागावे लागेल, अशी रचना मुळातच नसावी.

वारा आणि पाऊस पाहून तोंड ठरवणे

पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून जोरात येतो. उरलेल्या महिन्यांत दुपारी समुद्रावरून खारे वारे आणि रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारे वाहतात. हिवाळ्यात लोक अंघोळी करतात त्या पहाटेच्या वेळी वारा पूर्वेकडून असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धुराड्याचे तोंड पश्चिमेला नको म्हणून पूर्वेला केले, तर पौषातल्या सकाळी धूर अडतो. शक्य असेल तिथे भिंतीवरचे तोंड उत्तरेच्या भिंतीला घ्यावे. छपरावरच्या धुराड्याला चारही बाजूंनी वारा सोसणारी टोपी लावावी. चिनी हॅटसारखी नुसती वाटी पालथी घातली, तर झड आडवी आल्यावर तिचा उपयोग होत नाही. इंग्रजी टी अक्षरासारखी, दोन्ही टोके उघडी असलेली टोपी अधिक चांगली चालते. ती तारेने नव्हे, तर पट्टी आणि बोल्टने घट्ट करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत अख्खी छपरे उचलली होती. अशा प्रत्येक वादळानंतर धुराडे जागेवर आहे का, वाकले आहे का, त्यात पाने-माती अडकली आहे का, हे पाहिल्याशिवाय गिझर पेटवू नये.

हवा आत येण्याची वाटही पावसाचा विचार करूनच करावी. धुराडे असलेल्या खोलीला दोन झरोके असावेत, एक जमिनीलगत आणि एक छतालगत, आणि प्रत्येकाची मोकळी जागा निदान १०० चौरस सेंटिमीटर असावी. जाळी आणि पट्ट्या यांमुळे जागा बरीच घटते, म्हणून प्रत्यक्षात आठ इंच बाय सहा इंचांचा झरोका ठेवणे चांगले. बाहेरच्या बाजूने खाली उतरत्या, एकमेकींवर येणाऱ्या सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या पक्क्या पट्ट्या बसवाव्यात, वर छोटा छज्जा काढावा. मग झड आत येत नाही आणि प्लास्टिकही लागत नाही. उघडझाप करता येणाऱ्या काचेच्या पट्ट्या इथे वापरू नयेत, कारण ज्या बंद करता येतात त्या केव्हातरी बंद केल्या जातात. डासांसाठी जाळी हवीच असेल, तर ती फार बारीक नको. बारीक जाळी धूळ, ओलावा आणि कोळ्याच्या जाळ्यांनी महिन्याभरात बुजते.

धूर खरोखर बाहेर जातो का, हे तपासणे

ही तपासणी घरच्या माणसालाही करता येते आणि ती करण्यासाठी सर्वांत वाईट परिस्थिती मुद्दाम तयार करावी लागते. घराची सगळी दारे-खिडक्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातली विजेची चिमणी आणि एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने चालू करावा, गिझर पूर्ण आचेवर पाच मिनिटे चालू द्यावा. त्यानंतर धुराड्याला हवा जिथून ओढली जाते, त्या गिझरच्या माथ्याजवळच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरावी. गॅसचा वास येत असेल, तर अर्थातच काहीही पेटवू नये. उदबत्तीच्या धुराची रेघ आत वळली आणि सरळ ओढली गेली, तर धुराडे काम करते आहे. ती थरथरली, जागीच घुटमळली किंवा तोंडावर आली, तर धूर खोलीत सांडतो आहे, आणि गिझर तिथल्या तिथे बंद करावा. पुष्कळदा यामागे स्वयंपाकघरातला पंखा असतो. बंद घरातून तो हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ती धुराड्यातून उलटी उतरते. अशा वेळी घराला हवेची आणखी एक कायमची वाट द्यावी लागते. मग तीच तपासणी पुन्हा करावी.

ज्योतीचा रंगही पाहावा. चांगली ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. पिवळी, लांब आणि आळसटल्यासारखी हलणारी टोके दिसली, गिझरच्या अंगावर किंवा धुराच्या तोंडाशी काजळी धरली, तर जळण अपुरे आहे. समुद्राजवळ एक गोष्ट गोंधळात टाकते: खाऱ्या हवेतल्या मिठाने निळ्या ज्योतीत नारिंगी ठिणग्या क्षणभर चमकून जातात. त्या आल्या-गेल्या तर ज्योत बिघडलेली नसते. पण सबंध टोक पिवळेच राहत असेल, तर खाऱ्या हवेवर बोट ठेवून विषय सोडून देऊ नये, मेकॅनिकला बोलवावे.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, बर्नर आणि धुराडे साफ करून घ्यावे, आणि गणपतीपूर्वी एकदा नजर टाकावी. कुंभारमाशी पाइपच्या तोंडात आणि बर्नरच्या छिद्रांत मातीची घरे करते, आणि महिना-दोन महिने बंद असलेल्या घरांत हे हमखास सापडते. मुंबईहून चाकरमानी आले की तोच गिझर सकाळी दहा-बारा माणसांसाठी सलग चालतो, बाहेर पाऊस असतो, घर माणसांनी भरलेले आणि खिडक्या लावलेल्या असतात. इतर वेळी निभावून गेलेली कसर त्या सकाळी जिवावर बेतू शकते. रबरी नळी आयएसआय खुणेचीच असावी आणि पाच वर्षांच्या आत बदलावी. गिझरमध्ये वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर किंवा ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असेल, तर चांगलेच, पण त्याच्या भरवशावर धुराड्याची कसर सोडू नये.

कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म बाथरूमच्या आत लावू नये, वाफेने तो बिघडतो. बाथरूमबाहेरच्या जागेत आणि निजायच्या खोलीत, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर लावावा आणि त्यावर छापलेली मुदत संपताच बदलावा. बाथरूमच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.

आंबोलीसारख्या उंच ठिकाणी किंवा दापोलीच्या थंडीत काही जण खोली तापवायला धुराड्याविना गॅस हीटर किंवा कोळशाची शेगडी आत घेतात. त्याबद्दल एवढेच सांगायचे आहे की, ती पेटती ठेवून कोणीही झोपू नये. ऊब हवी असेल तर झोपण्याआधी खोली तापवून हीटर किंवा शेगडी बाहेर काढावी आणि खिडकी काही वेळ उघडावी. रात्रभरासाठी विजेचा हीटर वापरावा.

कोणी बेशुद्ध पडले तर

अंघोळीला गेलेल्या माणसाने हाकेला उत्तर दिले नाही, तर वाट न पाहता दार उघडावे किंवा तोडावे. आधी गिझर आणि सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, श्वास रोखून आत जावे आणि माणसाला ओढून उघड्या हवेत आणावे. आत बसून पाणी मारण्यात वेळ घालवू नये. मदत करणारेही त्याच हवेत पडल्याच्या घटना घडतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. गॅस गळतीची शंका असेल, तर १९०६ हा एलपीजीचा आपत्कालीन क्रमांक आहे.

दवाखान्यात पोहोचताच, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता, हे पहिल्या वाक्यात सांगावे. चक्कर, उलटी, फिट किंवा हृदयविकार समजून उपचार सुरू होऊ शकतात, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो ९८-९९ असा आकडा दाखवू शकतो. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिल्यावर हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघतो: साध्या हवेत तो अर्धा व्हायला चार ते सहा तास लागतात, तर पूर्ण ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. गर्भवती स्त्री, लहान मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण त्या घरात असेल, तर शुद्धीवर असला तरी त्यालाही तपासून घ्यावे. आणि त्या घरातला गिझर, धुराडे व झरोके जाणकाराने तपासून, उदबत्तीची चाचणी होईपर्यंत, पुन्हा पेटवू नये.